घुबड बघायला

जानेवारीतली दुपार, उणे चोवीस, आणि रस्त्याच्या कडेला सात-आठ गाड्या ओळीने उभ्या. इंजिनं चालू, काचा वर, आतली माणसं एकाच झाडाकडे डोळे लावून बसलेली. अमेरिकेत मिनेसोटातल्या सॅक्स-झिमच्या दलदलीत अशी रांग दिसली की कुणी कुणाला काही विचारत नाही. आपलीही गाडी शेपटाला लावायची आणि बाकीचे बघतात तिकडे बघायचं. टॅमरॅकच्या शेंड्यावर राखाडी गाठोडं होतं. गाठोड्याने सावकाश मान वळवली. ग्रेट ग्रे आउल!

डुलुथ शहराच्या वायव्येला सुमारे ३०० चौरस मैलांची ही दलदल. उन्हाळ्यात डासांची, हिवाळ्यात दुर्बिणवाल्यांची. मीही मिनियापोलिसहून तीनेक तास गाडी हाकत येते, सोबत थर्मासात चहा आणि डब्यात दशम्या. गाडीतून उतरून खायच्या म्हटलं तर दशमी आधी दाताखाली कुरकुरते, मग वितळते.

घुबड चांगलं अडीच फुटी. पंख पसरले की पाच फूट भरावेत, आणि वजन जेमतेम किलो-सव्वा किलो. बाकी सगळा पिसांचा बडेजाव. पण तो थाळीएवढा चेहरा नुसता शोभेचा नाही, आवाज गोळा करून कानाकडे लोटण्यासाठी आहे. दोन फूट बर्फाखाली व्होल, म्हणजे आपल्या शेतातल्या उंदराचा आखूड शेपटीचा भाऊबंद, खुडबुडला तरी याला वर बसून कळतं. मग ते येतं, क्षणभर एका जागी तरंगतं आणि बर्फात थेट घुसतं. ते उडून गेल्यावर मी जाऊन पाहिलं. मध्ये खड्डा, आणि दोन्ही बाजूंना पंखांचे ठसे, एकेक पीस मोजता येईल असे.

आजोळी, करमाळ्याकडे, परसातल्या चिंचेवर घुबड बसायचं. आजी सांगायची, ‘त्याला दगड मारायचा नाही. ते दगड उचलून नेतं आणि घासत बसतं. दगड झिजतो तसा मारणारा झिजतो.’ मामेभावाने एकदा मारलाच. पुढची सगळी सुट्टी आम्ही रोज सकाळी त्याला नीट न्याहाळत होतो, झिजला का म्हणून. आज तो शंभर किलोच्या पुढे आहे. घुबडाने दगड हरवला असणार.

इथे मात्र घुबड दिसणं भाग्याचं. सगळं दुर्मिळ दिसण्यालाच इथे मोल, आणि इथेच माझं बिनसतं. लोकांनी झाडांना हरणाच्या बरगड्या टांगलेल्या असतात, ओंडक्यांना पीनट बटर फासलेलं असतं. त्यावर काळ्या टोपीची चिकडी नावाची चिमुकली पक्षीण येते. दहा-बारा ग्रॅमचा जीव. रात्री अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरवून कुडकुडत पहाट गाठतो. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग तिची तपकिरी टोपीची बहीण, बोरिअल चिकडी येते आणि पंधरा कॅमेरे एकदम कडकडतात. एवढ्याशा टोपीच्या भांडवलावर! अशा वेळी मी मुद्दाम काळ्या टोपीवालीचा फोटो काढते. कुणाला फरक पडत नाही, चिकडीलाही नाही.

त्या दिवशी रांगेतले एक आजोबा काच खाली करून २००४-०५ च्या हिवाळ्याबद्दल सांगत होते. त्या वर्षी मिनेसोटात पाच हजारांवर ग्रेट ग्रे मोजली गेली. खांबावर घुबड, पाटीवर घुबड, कुंपणावर घुबड. सांगताना आजोबांच्या चेहऱ्यावर सुगी होती. मी विचारलं, एवढी आली कशी? ते म्हणाले, कॅनडात व्होल संपले होते.

बाकीच्या पाहुण्यांचंही तेच. तिकडे स्प्रूसला शंकू धरले नाहीत, बर्चचं बी बुडालं, की रेडपोल आणि ग्रोसबीक ही बी खाणारी पाखरं खाली आमच्याकडे उतरतात. कॅनडातल्या ओंटारिओत १९९९ पासून रॉन पिटावे नावाचे पक्षिनिरीक्षक दर शरदात कुठल्या झाडाला किती बी आहे याचा आढावा घेऊन कोणता पक्षी यंदा कुठवर येईल याचा अंदाज जाहीर करत. आता ते काम दुसऱ्यांनी चालवलं आहे. म्हणजे आपली आणेवारीच. फरक इतकाच की तिकडची आणेवारी घसरली की इकडे लोक कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करायला लावतात.

आणेवारी म्हटलं की बहात्तर आठवणारच. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी तिला आयुष्यभर आठवायची ती चवीसाठी नव्हे. गावातली निम्मी घरं कुलूप लावून पुण्या-मुंबईला गेली. आमच्या नात्यातल्या पुण्याच्या एक मावशीआजी मात्र ते वर्ष कौतुकाने सांगायच्या, ‘त्या साली धुण्याभांड्याला बाई कशी पटकन मिळायची!’ फार मायाळू बाई. वाईट मनात काही नव्हतं.

दिवसाउजेडी रस्त्यालगत बोरिअल आउल हे छोटं घुबड बसलेलं दिसलं, तर ते बहुधा उपाशी असतं, हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. रात्रीची शिकार साधलेली नसते, म्हणून उन्हात बसून राहतं. फोटो सुरेख येतो, कारण ते हलत नाही. माझ्याकडेही आहे तसा एक.

येत्या शरदात पुन्हा अंदाज येईल. तिकडे शंकू भरघोस धरले, व्होल माजले, तर आमच्याकडे फारसं कुणी फिरकणार नाही. तसंच होवो, असं म्हणायला हवं. बर्फाचे टायर मात्र मी ऑक्टोबरातच चढवून घेणार आहे.