जिम्नीला किती पौंडांची विंच? माझा अनुभव

विंच, म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढायला पुढे बसवतात तो मोटरवर दोरी गुंडाळणारा ड्रम, घ्यायची ठरल्यावर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पहिला सल्ला फुकटात मिळाला. "साहेब, बाराची टाका, टेन्शन संपलं." बाराची म्हणजे १२,००० पौंडांची, साधारण ५४४० किलो ओढणारी. माझी गाडी जिम्नी, मारुतीची छोटी फोर-बाय-फोर. रिकामी बाराशे किलोंच्या आसपास, आणि कंपनीने दिलेलं भरल्या गाडीचं कमाल वजन १५४५ किलो. पुढच्या दुकानात साडेनऊ हजार पौंडांची सांगितली, त्याच्या पुढच्यात परत बारा. ज्याच्याकडे जी शिल्लक, ती माझ्या गाडीला योग्य! म्हटलं, आधी वजन तर करून घेऊ.

तुर्भ्याला एपीएमसीच्या बाजूला ट्रकवाल्यांचे वजनकाटे आहेत. पावसाळ्यात कर्जतकडे निघताना जेवढं सामान असतं तेवढं सगळं भरलं: पाण्याचे कॅन, हायलिफ्ट जॅक, फावडं, पट्टे, डबे. पावतीवर माल काय लिहू म्हणून काटेवाल्याने विचारलं, तर शेजारी बसलेली बायको म्हणाली, "लिहा, हौस." १४८० किलो भरलं. हिशेबाला मात्र १५४५ च धरले.

सगळीकडे चालणारा नियम असा की भरल्या गाडीच्या दीडपट ताकद हवी. म्हणजे माझ्यासाठी सुमारे २३२० किलो, पौंडांत ५१००. मग ६००० ची पुरायला हवी. खरी गंमत इथेच आहे, आणि दुकानात ती कुणी बोलत नाही. खोक्यावरचा आकडा ड्रमवर दोरीचा एकच थर उरलेला असतानाचा असतो. पतंगाची फिरकी मांज्याने भरली की जाड होते, तसं थरावर थर चढले की ड्रमचा घेर वाढतो, आणि घेर वाढला की ओढ कमी होते. माहितीपुस्तिकेत थरानुसार तक्ता असतो, तो मागून घ्यावा. सगळ्यात वरच्या थरावर ताकद साधारण एक-तृतीयांशाने घटते, असं धरून मी चाललो. ६००० ची विंच २७२० किलोंवरून १८०० वर येते, म्हणजे कमी पडते. ८००० ची ३६३० वरून २४२० वर. हिने दीडपट वरच्या थरावरही गाठली.

मग बारा का नको? सगळं वजन गाडीच्या नाकावर येतं. मोठी विंच, त्यावर स्टीलची दोरी, खाली जाड प्लेट. हलक्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन बसतं, आणि कमाल वजनाच्या आत जेमतेम पासष्ट किलोंची जागा होती. दुसरं म्हणजे वीज. मोठ्या विंचा पूर्ण ताणावर चारशे अँपिअरच्या घरात करंट खातात. छोट्या पेट्रोल गाडीच्या बॅटरीकडून तो मागायचा म्हणजे इंजिन चालू ठेवून थोडं ओढा, थांबा, पुन्हा ओढा. ८००० लाही असंच वागवावं लागतं, पण कमी जोर लागला की ती कमी खाते. म्हणून ८००० ची घेतली, आणि दोरी सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्याची. ती स्टीलपेक्षा बरीच हलकी, आणि तुटलीच तर स्टीलइतक्या त्वेषाने फटका मारत नाही. दोरी ड्रमवर जाते त्या तोंडाशी, म्हणजे फेअरलीडला, तिच्यासोबत रोलरवाला नको, अ‍ॅल्युमिनियमचा गुळगुळीत लागतो.

बसवताना समोर लोखंडी बुल बार लावायचा मोह टाळला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असल्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं, आणि बारमुळे एअरबॅग वेळेवर उघडेल का, हा प्रश्न वेगळाच. भांडुपच्या गॅरेजवाल्या काकांनी मूळ बंपरच्या मागे चॅसीला बोल्ट होणारी प्लेट बनवून दिली. "वेल्डिंग नको, उद्या काढायची झाली तर?" हे त्यांचंच डोकं. विमा कंपनीला पत्र दिलं.

खरी परीक्षा कर्जतच्या पुढे, भातखाचरांमधल्या गाडीवाटेवर झाली. चिखल मडगार्डपर्यंत. अमेरिकन लष्कराचा ठोकताळा आहे: चाकाच्या मध्यापर्यंत रुतलं तर ओढ गाडीच्या वजनाएवढी, मडगार्डपर्यंत गेलं तर दुप्पट. म्हणजे जवळपास तीन हजार किलो. सरळ ओढून वरच्या थरावर जमणार नव्हतंच. दहाएक मीटरवर आंब्याचं झाड होतं. शेतकरी दादा धावत आले, "झाडाची साल नाय ना जायची?" रुंद पट्टा दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी हात लावू दिला. पट्ट्याला स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडून दोरी घालता येणारी कप्पी, अडकवला आणि दोरी त्यातून फिरवून परत गाडीच्या हुकात. ओढ दुप्पट, वेग निम्मा. शिवाय दोरी दहाऐवजी वीस मीटर बाहेर गेल्याने ड्रमवरचे थर उतरले, तो फायदा वेगळा. ड्रमवर दहा वेढे राखले, दोरीवर ओली गोणपाटं टाकली, सगळ्यांना लांब उभं केलं. मोटर कण्हत होती, पण गाडी इंच इंच वर आली.

तेव्हापासून दुकानात विंचवर घासाघीस करण्याआधी स्नॅच ब्लॉक आणि झाडाचा पट्टा सोबत मागावा, असं मी सांगतो. मात्र सगळ्यांना ८००० सांगत नाही. माझ्या मित्राची डिझेल गाडी भरून अडीच टनांवर जाते. तिची दीडपट ३७५० किलो, आणि बाराची विंच वरच्या थरावर ३६३० देते, म्हणजे किंचित कमी, पण जवळपास तेवढीच. त्याला मी बाराचीच घ्यायला लावली, सिंथेटिक दोरीसकट.