मुखडा कुठे गेला?

‘मुखडा परत येऊनच नाही राहिला, भाऊ.’ मध्यंतरात एका तबलजींनी मला गाठून हे सांगितलं. त्या संध्याकाळी कानावर आलेल्या सगळ्या प्रतिक्रियांत मला हीच सर्वात नेमकी वाटली.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं सभागृह, एप्रिल महिना, मंचावर ग्रँड पियानो. कार्यक्रम पूर्ण बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीताचा होता. आधी बाखच्या 1722च्या संग्रहातलं सी मेजर प्रिल्यूड आणि फ्यूग, मग स्कार्लाटीचा डी मायनरमधला सोनाटा आणि त्यानंतर बाखचीच 1741 साली छापलेली गोल्डबर्ग व्हेरिएशन्स (एकाच पायावर रचलेली तीस रूपं), पंधराव्या व्हेरिएशननंतर मध्यंतर घेऊन. वादक बाई मुंबईच्या, मराठी बोलणाऱ्या. पियानो जुळवायचं काम माझ्याकडे होतं.

या संगीतासाठी पियानो तयार करणं वेगळं असतं. बाखने हे लिहिलं हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे तारा छेडणाऱ्या जुन्या पट्ट्यांच्या वाद्यासाठी. त्याला सूर लांबवणारं पेडल नसतं. पियानोवरही बहुतेक वादक इथे पेडल जेमतेम वापरतात. त्यामुळे एखादा डॅम्पर, म्हणजे सूर थांबवणारी गादी, तारेवर नीट बसत नसेल तर पट्टी सोडल्यावरही मागे गुणगुण उरते आणि ती लपत नाही. खर्जातले दोन डॅम्पर असे निघाले, ते आधी बसवले. दुसरी गोष्ट हॅमरची, म्हणजे तारेवर आदळणाऱ्या हातोडीची. कोरड्या हवेत हॅमरचा फेल्ट कडक होतो आणि आवाज टोकदार येतो. फ्यूगमध्ये तीन-चार आवाज, म्हणजे स्वतंत्र ओळी, एकाच वेळी चालतात. त्यात एखादाच सूर खणखणीत वाजला, तर श्रोत्याला वाटतं की नवा आवाज आत आला. वादकाने जोर दिलेलाच नसतो, जोर फेल्टचा असतो. मधल्या सप्तकातले सात हॅमर मी सुईने टोचून मऊ केले. सुई खांद्यात टोचायची. टोकावर जिथे तार लागते तिथे टोचली की आवाज मरतो.

पांढरी सहा (पाश्चात्त्यांचा ए) 440 हर्ट्झला हवी, दुपारी ती 436ला सापडली. तारांचा आवाज मोठा करणारा साउंडबोर्ड लाकडाचा आणि मध्ये किंचित फुगीर असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तो सुकून बसतो, तारांवरचा ताण उतरतो आणि मधलं सप्तक सर्वात जास्त ढळतं. 436 म्हणजे सुमारे 16 सेंटची उतरण (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). एवढं चढवायचं तर एका फेरीत भागत नाही. तारा सव्वादोनशेच्या वर आहेत. पुढच्या ताणत गेलो की आधी लावलेल्या सैलावतात. म्हणून पहिल्या फेरीत जेवढं चढवायचं त्याहून चतुर्थांश जास्त चढवून ठेवायचं आणि दुसऱ्या फेरीत बारीक जुळवायचं. त्याआधी तीन तास एसी आणि मंचावरचे दिवे कार्यक्रमात असतील तसेच लावून ठेवायला सांगितले होते. दिव्याखाली तार तापली की उतरते, थंड झोत लागला की चढते, आणि हे काही मिनिटांत होतं. विंगेत दोन कूलर आणून ठेवले होते, ते मात्र मी बाहेर काढायला लावले. ओल्या हवेचा झोत एका बाजूने साउंडबोर्डवर आला की पियानो वाकडा चढतो, आणि ते शेवटच्या घटकेला निस्तरता येत नाही.

मी शेवटच्या रांगेत बसलो. प्रिल्यूड सुरू झालं. पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीला हळूच म्हणाल्या, ‘हे सुरावट झाली, गाणं केव्हा सुरू होते?’ प्रश्न चुकीचा नाही. त्या प्रिल्यूडमध्ये जवळजवळ शेवटपर्यंत एकच नक्षी चालते, प्रत्येक मात्रागटात दोनदा, आणि बदलत जातात ते फक्त खालचे स्वरसमूह. एकोणिसाव्या शतकात गुनो या फ्रेंच संगीतकाराने त्याच्यावर वेगळी चाल बसवली, तीच पुढे ‘आवे मारिया’ म्हणून घरोघरी गेली. स्कार्लाटीच्या सोनाटात एकच सूर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजतो. तिथे सभागृह एकदम जागं झालं, ‘वा!’ आलं, टाळ्या आल्या. तयारी कुणालाही कळते, नागपूरच्या श्रोत्याला तर पटकन कळते.

मग गोल्डबर्गची सुरुवातीची एरिया, म्हणजे मूळ चाल. तीन मात्रांची संथ चाल, सराबांद नावाच्या नाचाची, जिचं वजन दुसऱ्या मात्रेकडे झुकतं. मांडीवर ताल धरणारे हात तिथेच अडखळले. पहिल्या व्हेरिएशननंतर टाळ्या पडल्या, पाचव्यानंतर पुन्हा. आठव्या-नवव्याच्या सुमाराला खुर्च्या कुरकुरू लागल्या, मोबाइल उजळले. पंधरावं जी मायनरमध्ये आहे. त्याच्या शेवटी उजवा हात एकटाच वर चढत जातो आणि पंचमावर थांबतो. टाळी वाजवायची की नाही हे कुणालाच कळलं नाही. बाई उठल्या, तेव्हा वाजली.

तबलजींचं म्हणणं असं होतं: सुरुवातीला इतकी सुंदर चाल दाखवली, आता तिच्यावर विस्तार होणार म्हणून आम्ही वाट पाहतोय, आणि ती चाल काही दिसत नाही. मी म्हणालो, ‘चाल शोधूच नका, डावा हात ऐका. वरची चाल हा इथला विषयच नाही. खालचे सूर म्हणजे तुमच्या सोलोचा नगमा समजा. नगमा तोच, वरचं काम दर वेळी नवं.’ (नगमा म्हणजे तबल्याच्या सोलोमागे सारखी फिरत राहणारी धून.) ते क्षणभर थांबले आणि बोटांवर मोजायला लागले.

हेच मी आत जाऊन वादक बाईंना सांगितलं. तेवढ्यात एक वयस्क गायनशिक्षिका मंचाजवळ आल्या. त्यांच्या दोन तक्रारी होत्या: मधली पांढरी पाच कापते आहे, आणि गंधार चढा लागतो आहे.

दोन्ही खऱ्या. पांढरी पाचच्या तीन तारांपैकी एक सुटली होती. सेकंदाला एक हेलकावा, म्हणजे तारांमध्ये एक हर्ट्झचा फरक. चूक माझी. उन्हाळ्यात तारांच्या पिना धरणारं लाकूड सुकतं आणि पकड कमी होते. अशा वेळी तार थोडी वर नेऊन खाली बसवायची, पट्टीवर पाच-सहा जोरदार ठोके द्यायचे आणि पुन्हा तपासायचं. ते ठोके मी कमी दिले होते. दोन तारांत रबराची पाचर घालून चार मिनिटांत दुरुस्त केलं. सभागृहात गलका होता, म्हणून कान साउंडबोर्डच्या जवळ नेऊन ऐकावं लागलं.

गंधाराचं मात्र मला काही करता येण्यासारखं नव्हतं. सप्तकाचे बारा समान भाग केले की गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा येतो. पंचम दोनच सेंट उतरतो, म्हणून तो खटकत नाही. तानपुऱ्यावर तयार झालेला कान गंधारालाच ठेचकाळतो. बाखच्या काळी वाद्यं बहुधा असमान भागांत जुळवत, त्यामुळे काही पट्ट्यांत गंधार गोड लागे आणि काहींत आंबट. हे ऐकून शिक्षिका म्हणाल्या, ‘म्हणजे माझा कान ठीक आहे.’ अगदी ठीक होता.

मध्यंतरानंतर वादक बाई बसल्या आणि फक्त डाव्या हाताने आठ सूर वाजवले. पांढरी पाचला षड्ज धरला तर सा नी ध प, ग म प सा. मग म्हणाल्या, ‘एवढाच पाया आहे, बत्तीस मात्रागटांचा, आणि हे त्याचे पहिले आठ. तीसही व्हेरिएशन्स याच्यावर उभी आहेत. दर तिसऱ्यात एक आवाज दुसऱ्याच्या मागून तीच ओळ म्हणत येतो, शेवटचं तिसावं सोडून.’ एकविसावं त्यांनी आधी एकेका आवाजाने वाजवून दाखवलं. एवढं करायला तीन मिनिटंही लागली नसतील.

त्यानंतरचं सभागृह वेगळं होतं. टाळ्या मधे आल्याच नाहीत. अठराव्याच्या शेवटी कुणीतरी ‘हं’ केलं, गाण्याच्या बैठकीत करतात तसं. विसाव्यात दोन्ही हात एकमेकांवर चढतात, कारण मूळ लेखन दोन कीबोर्डांच्या हार्पसिकॉर्डसाठी आहे. एका हाताने सोडलेली पट्टी दुसऱ्याने लगेच मारायची, ती पुरती वर येईपर्यंत वेळ मिळत नाही. ग्रँडच्या दुहेरी सुटकेच्या रचनेत पट्टी अर्धवट वर आली तरी पुन्हा वाजते, म्हणून ते निभावतं; उभ्या अपराइट पियानोवर अडतं. लोक पुढे सरसावून हात बघत होते. पंचविसावं खूप संथ आणि कोमल-शुद्ध सूर लागोपाठ घेणारं. त्यात शिक्षिकांचा तळहात मांडीवरून किंचित उचलला गेला आणि तसाच राहिला. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, आत खोकलाही नाही.

तिसाव्याआधी बाईंनी एवढंच सांगितलं, की यात दोन लोकगीतं विणली आहेत, त्यातलं एक म्हणतं की कोबी आणि सलगमाने मला घराबाहेर काढलं. हसू पसरलं. ते वाजलं, थोडी शांतता झाली, आणि सुरुवातीची चाल जशीच्या तशी परत आली.

माझ्या दोन रांगा पुढून तबलजींचा आवाज आला, अगदी हळू: ‘आला.’