गाडी घेतली, पट्टे कुठायत?

"गाडी केवढ्याला घेतली ते ऱ्हाऊ दे. पट्टे कुठायत?"

टेम्पोवाल्या मामांनी सकाळी हे विचारलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मित्रानं जुनी फॉर्म्युला एलजीबी घेतलीय, म्हणजे एका सीटची रेसिंग कार. टेम्पोत घालून कोल्हापुरातून थेट कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर न्यायची. हेल्मेट नवं, हातमोजे नवे, सूट तर कव्हरात घालून आणलेला. आणि गाडी बांधायला नायलॉनची दोरी!

मामांनी दोरी बाजूला फेकली. स्वतःचे रॅचेटवाले चार पट्टे काढले. मित्र ते सस्पेन्शनच्या नळ्यांना अडकवायला निघाला, तर हात धरला. "त्या वाकल्या की गाडी सरळ पळंल व्हय?" पट्टे चाकांवरून घेतले. चाकं जखडली की वरची गाडी स्प्रिंगवर कितीही डुलू दे, पट्टा सैल होत नाही. नाक रॅम्पला घासत होतं, म्हणून खाली दोन फळ्या सरकवल्या.

कागलहून मित्राचा फोन. मामांनी टेम्पो थांबवून पट्टे पुन्हा आवळायला लावले. वीसेक किलोमीटरमध्येच एक सैल झाला होता.

दिवसभर तेच डोक्यात. सूट आला त्या दिवशी आम्ही वीस फोटो काढले होते. पट्ट्याचा फोटो कोण काढतंय?

आता यादी करतोय. टॉर्क रेंच, टायरचा गेज, जॅकस्टँड, अग्निशामक. अडलंय एकाच ठिकाणी: गाडी इतकी खाली आहे की घरचा जॅक आत शिरतच नाही. कुणाकडं बुटका ट्रॉली जॅक आहे का?