माणसापेक्षा हळू चालणारी गाडी

देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची नऊ एकर बाग आहे. हापूसची कलमं, कडेकडेने काजू, वर उघडा कातळ. बाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सावली आणि गार वारा येतो. आमच्याकडे सावलीपर्यंत पोचायला आधी कातळ तुडवावा लागतो. ही कलमं लावली तेव्हा जांभ्यात सुरुंग लावून खड्डे पाडले आणि खालून डोक्यावर पाट्यांनी माती आणून भरली. ती माती वाहणाऱ्या बायकांतल्या दोघी अजून वाडीत आहेत. जीप चढताना बघितली की त्यातली एक हमखास म्हणते, "ह्या तेव्हा खय होता?"

"ह्या" म्हणजे आमची १९९४ची महिंद्रा एमएम ५४०. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, २००३ साली एका रस्त्याच्या ठेकेदाराकडून घेतली. २११२ सीसीचं प्यूजोचं डिझेल इंजिन, चार गिअर, पॉवर स्टीअरिंग नाही. ताडपत्री आणि मागची बाकं आप्पांनी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली, कारण त्यांना माणसं न्यायची नव्हती. मागे सपाट पत्रा झाला आणि त्याला आम्ही हौदा म्हणू लागलो.

मी गाडी शिकले २०१४ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. नवरा बँकेत, बदलीच्या गावी, आणि आप्पांचे गुडघे क्लच दाबायला नकार देत होते. त्यांनी मला पहिला धडा दिला तो वेग वाढवण्याचा नव्हता. मुख्य गिअरच्या शेजारी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढची चाकं जोडली जातात, म्हणजे फोर व्हील लागतं, दुसऱ्याने 'लो' पडतं. लो टाकलं की गाडी त्याच गिअरमध्ये जवळजवळ अडीचपट हळू चालते आणि तेवढीच जास्त ओढते. पहिला गिअर, लो, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढायचा. गाडी आपणहून डुगडुगत चढायला लागते. आमच्याकडे बत्तीस वर्षं कामाला असलेले काका जीपच्या पुढे चालत जातात आणि वळून वळून माझी वाट बघतात. मी सुरुवातीला शरमून पाय दाबायची. तेव्हा ते म्हणाले होते, "वयनीनु, गाडयेक घाई नाय, तुमकाच आसा."

ही जीप जे काही करते ते या हळूपणामुळे. एप्रिल-मे मध्ये वरच्या तुकड्यातून मांगरापर्यंत, म्हणजे बागेतल्या शेडपर्यंत, आंबा आणायचा तर साधारण सातशे मीटर उतार आहे. एक क्रेट वीस किलोचा. डोक्यावरून एक माणूस एका वेळी एक आणतो. जीपमध्ये सहा-सहाचे तीन थर, म्हणजे अठरा क्रेट येतात. पण आंबा हा माल आपटलेला चालत नाही. आज आपटला तर आज काही दिसत नाही. अढीत, म्हणजे पिकायला पेंढ्यात, आठवडाभर राहिला की काळा डाग वर येतो, आणि तोवर पेटी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेली असते. म्हणून थरांमध्ये पेंढा, खाली जुनी गोणपाटं, टायरमधली हवा थोडी कमी, आणि उतरताना ब्रेकला हात— म्हणजे पाय— लावायचा नाही. लोमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. झेल्याने, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने, देठासकट काढलेल्या फळाचा देठ हिसक्याने मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि साल भाजल्यासारखी होते. मी उतरले की आधी वरच्या थरातले देठ बघते. क्रेट मोजायचं काम नंतर.

एक गोष्ट मला आप्पांनी सांगितली नाही, गाडीने सांगितली. आमच्या बागेच्या दोन तुकड्यांच्या मधून गावचा डांबरी रस्ता जातो. एकदा मी फोर व्हील न काढता तशीच रस्त्यावरून खालच्या तुकड्याकडे वळले. स्टीअरिंग दगडासारखं झालं, आणि नंतर दांडा काढायला गेले तर निघेना. दोन्ही हातांनी ओढला. मला वाटलं, हाऊसिंग, म्हणजे गिअरांची पेटी, गेलं, आता पाच आकडी खर्च. मेकॅनिकला फोन केला. तो जेवत होता. म्हणाला, "दोन मीटर रिव्हर्स घ्या." घेतली, आणि दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत पुढचं-मागचं एकमेकांना घट्ट बांधलेलं असतं. मातीत चाकं थोडी घसरतात आणि हिशोब मिटतो. डांबरावर घसरायला जागाच नसते, मग पीळ बसतो. मार्चमधला कोरडा कातळसुद्धा डांबरासारखाच पकड देतो, हे लक्षात यायला मला आणखी एक उन्हाळा लागला. आता फोर व्हील फक्त सुट्या मातीत, चढावर आणि पहिल्या पावसानंतर.

आता टाकीची गोष्ट. ती मी बरेच दिवस लिहायचं टाळत होते.

मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारणी असते, आणि लहान कलमांना उन्हाळाभर पाणी घालावं लागतं. दोन्हीसाठी पाचशे लिटरची काळी टाकी हौद्यात बांधतो. भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन, म्हणून सगळे भरलेल्या टाकीला घाबरतात. मीही घाबरायची. त्या दिवशी अर्धी टाकी कलमांना घालून झाली होती, म्हणून मी निवांत होते. वळसा वाचवायला उताराला आडवी निघाले. उतार डाव्या हाताला. एका खड्ड्यात डावं पुढचं चाक उतरलं आणि मागे टाकीत 'धब्ब' असा आवाज झाला. भरलेल्या टाकीतलं पाणी जागचं हलत नाही. अर्ध्या टाकीतलं सगळंच्या सगळं खालच्या बाजूला धावतं. अडीचशे किलो एका क्षणात डावीकडे गेले. माझ्या उजव्या मागच्या चाकाखाली उजेड दिसला, असं काका नंतर म्हणाले. मला फक्त सीट माझ्यापासून सुटल्यासारखी वाटली.

मी दार नसलेल्या बाजूने उडी मारणार होते. काका ओरडले, "रवा! उतरू नकात!" मी वरच्या अंगाला बसले होते, म्हणजे माझंच वजन गाडीला धरून होतं. उतरले असते तर गाडी माझ्यामागून गेली नसती, उलट खाली दगडी गडग्यावर लोळली असती. काका उजव्या बाजूच्या लोखंडी पाइपला लोंबकळले. बाग राखायला असलेल्या नेपाळी पोराने मागून टाकीचा कॉक उघडला. पाणी गळायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. पाय ब्रेकवर, पोटरीत गोळा आलेला, आणि समोर काचेवर एक डोंगळा आरामात चालत होता, तो मला अजून दिसतो. टाकी रिकामी झाल्यावर स्टीअरिंग उताराकडे वळवलं, गाडी सरळ तोंड खाली करून उतरवली. मांगरात चहा झाला. त्यानंतर काका एवढंच म्हणाले, "पाणी वाया गेला."

तेव्हापासून टाकी एकतर काठोकाठ नाहीतर रिकामी. चढ असो की उतार, सरळ जायचं, आडवं नाही. वळसा दोनशे मीटरचा पडला तरी पडू दे.

माझा भाचा अमेरिकेत आयोवा राज्यात आहे. तिथे त्याच्या मित्राच्या शेतावरची छोटी हौदेवाली गाडी त्याने व्हिडिओत दाखवली. कावासाकीच्या अशा गाडीचं नाव म्यूल, म्हणजे खेचर. जॉन डिअरच्या गाडीचं नाव गेटर, म्हणजे मगर. मला नावं आवडली. हौदा दांडा ओढून उलटतो, खत आपोआप पडतं. ते बघून काकांचा जीव जळला, कारण आमचं शेणखत अजून घमेल्यानेच उतरतं. "मामी, ही घे," भाचा म्हणाला. पण असल्या गाड्यांना आपल्याकडे रस्त्यावर चालवायचा नंबर मिळत नाही. आणि माझ्या बागेच्या मधूनच रस्ता जातो. शिवाय बिघडली तर मेकॅनिक जेवता जेवता उपाय सांगेल का? शेजारी म्हणतात मिनी ट्रॅक्टर घ्या. सपाटीला उत्तम आहे. आमच्या उतारावर मागची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत आणते, ते मी एकदा पाहिलंय. एकदा पुरे.

जीपचेही लाड काही कमी नाहीत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, आणि एप्रिल २०२२मध्ये त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. खारा वारा पत्रा खातो तो वेगळाच. दर मे महिन्यात चासीला जळकं ऑइल फासते, हाताचा वास चार दिवस जात नाही. जूनमध्ये कातळावर शेवाळ धरलं की गाडी मांगरात जाते ती गणपतीपर्यंत. तेवढ्यात उंदीर एखादी वायर कुरतडतातच. गेल्या वर्षी त्यांनी नेमकी हॉर्नची कुरतडली. सड्यावर हॉर्न कोणाला वाजवायचा, म्हणून ती तशीच आहे.

सध्या ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजलाय. क्लचच्या शेजारी बचकेएवढं भोक आहे, त्यातून चालत्या गाडीत खालचा कातळ दिसतो. वेग इतका कमी की दगड न् दगड मोजता येतो. मिरग लागायच्या आत वेल्डिंग व्हायला हवं. फॅब्रिकेशनवाला म्हणालाय, गुरुवारी येतो. कुठल्या गुरुवारी ते विचारायचं राहिलं.