काळा राम आणि सहाव्या रस्त्यावरचे चर्च

माझी मुलगी जन्मली तेव्हा नाशिकहून आलेल्या पहिल्याच फोनवर एका मावशीने बाळाचे वजन विचारले, माझी तब्येत विचारली आणि मग आवाज जरा खाली आणून विचारले, "रंग कुणावर गेलाय गं?" मी फिलाडेल्फियातल्या इस्पितळात होते. शेजारच्या खुर्चीत माझा कृष्णवर्णीय नवरा लेकीला छातीशी धरून बसला होता, आणि त्याला मराठी कळत नाही याचे मला त्या क्षणी बरे वाटले. त्या बरे वाटण्याची लाज बारा वर्षांत गेलेली नाही.

वंशभेद हा अमेरिकेचा रोग आहे आणि आपण तिथे केवळ पाहुणे म्हणून जातो, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. पण रंगाचा हिशेब मी शिकले तो मराठीतूनच. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे" हे वाक्य आमच्या घरात कौतुक म्हणून बोलले जाई, आणि त्यातला "पण" कुणालाही खटकत नसे. मुलगा चार वर्षांचा असताना एका मराठी घरच्या सत्यनारायणाला एका बाईंनी त्याला प्रेमाने विचारले, "तू कुणाबरोबर आलायस बाळा?" त्याने माझ्याकडे बोट दाखवले. त्यावर त्या मला म्हणाल्या, "अगबाई, तुमचा का?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तरी घरी येताना मुलगा गाडीत काही बोलला नाही.

माझ्या सासूबाई मूळच्या व्हर्जिनियाच्या. त्यांच्या लहानपणी त्या राज्यात गोऱ्या माणसाने इतर वंशाच्या माणसाशी लग्न करणे हा गुन्हा होता. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग आडनावाच्या आंतरवंशीय दांपत्याच्या खटल्यात असे कायदे घटनाबाह्य ठरवले, तोवर ते सोळा राज्यांत शिल्लक होते. आम्ही दोघेही गोरे नाही, तेव्हा आमच्या लग्नाला तो कायदा आड आला नसता, असे मी एकदा हुशारीने म्हणाले. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, तुम्हा दोघांचे काय होते याची त्यांना पर्वाच नव्हती."

धर्माच्या बाबतीत आमच्याकडे सगळे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. मुलांचे बारसेही झाले आणि बाप्तिस्माही झाला; रविवारी ती वडिलांबरोबर आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल या कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेल्या पंथाच्या चर्चमध्ये जातात आणि भाद्रपदात घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. सासूबाई मोदक आवडीने खातात, पण आरती सुरू झाली की स्वयंपाकघरात जाऊन बसतात, कारण मूर्तीपुढे हात जोडणे त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. मीही चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरून उठत नाही. "शेवटी सगळे देव एकच" असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला ते उत्तर आळशी वाटते, आणि मुलांना तर ते मुळीच पटत नाही, कारण आपली आजी नेमकी कुठे उठून जाते हे त्यांना दिसत असते.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही आज्यांचे लवकर जुळले, ती म्हणजे लेकीचे केस. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने त्या दाट, कुरळ्या केसांत वरून फणी घातली आणि पोरगी किंचाळली. दुसऱ्या शनिवारी सासूबाईंनी दाखवले: केस ओले हवेत, बोटांनी बटा वेगळ्या करायच्या, मोठ्या दातांची फणी टोकाकडून सुरू करून मुळाकडे न्यायची आणि रात्री सॅटिनची टोपी घालायची. आईने खोबरेल तेल पुढे केले. सासूबाईंनी ते हुंगून मान हलवली आणि फक्त टोकांना लावले.

फिलाडेल्फियातल्या सहाव्या रस्त्यावरच्या मदर बेथेल चर्चमध्ये मुलांना त्यांच्या वडिलांनी नेले होते. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि स्वतःचे स्वातंत्र्य पैसे देऊन विकत घेतलेल्या रिचर्ड ॲलन यांची कबर त्याच इमारतीत आहे. ॲलन आणि त्यांचे सोबती आधी गोऱ्यांच्या ताब्यातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये जात. तिथे प्रार्थना चालू असतानाच ॲब्सलम जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठवण्यात आले, तेव्हा सगळे कृष्णवर्णीय भाविक एकदम बाहेर पडले. १७९४ मध्ये ॲलन यांनी आपले चर्च सुरू केले ते लोहाराच्या जुन्या दुकानात. ते दुकान घोड्यांनी ओढून त्या जागेवर आणले होते. माझ्या मुलीला या हकिकतीतला घोड्यांचा भाग फार आवडतो.

मागच्या डिसेंबरात आम्ही नाशिकला गेलो. माझे आजोळ पंचवटीतले, काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. गाभाऱ्यातली काळ्या पाषाणाची मूर्ती पाहून लेक माझ्या कानात म्हणाली, "हा तर बाबांसारखा आहे!" मला तिथेच थांबता आले असते. शिवाय चित्रांतला निळसर गोरा राम पाहत वाढलेल्या मुलीचा आनंद मोडणे जिवावर आले होते. पण फिलाडेल्फियाची हकिकत पूर्ण सांगायची आणि नाशिकची अर्धी, हे मला जमले नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक याच मंदिराच्या दारांशी आले होते आणि त्यांच्यासाठी दारे बंद ठेवण्यात आली होती, हे मी तिला पायऱ्यांवर बसून सांगितले. काही वर्षांच्या सत्याग्रहानंतर, १९३५ मध्ये येवल्याला, आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे त्यांनी जाहीर केले, हेही सांगितले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते, हे तिच्या वडिलांनी तिला आधीच सांगितलेले होते. मी शाळेत असताना पुस्तकाचे फक्त नाव पाठ केले होते.

रात्री तिने हे सगळे फोनवर ग्रॅनीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितले. ग्रॅनीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि तुझ्या आजीचे वडील? ते तेव्हा दाराच्या कुठल्या बाजूला होते?"

लेकीने प्रश्न मराठीत करून माझ्या आईला विचारला. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "सांग तिला, आतल्या बाजूला." मग जरा थांबून म्हणाली, "घरात कधी बोलले नाहीत."

ग्रॅनीने आजीला फोन द्यायला सांगितले. दोघींचे इंग्रजी एकमेकींना निम्मेच कळते, तरी तो फोन वीस मिनिटे चालला. मी मधे पडले नाही.