परत आलेल्या मालाची मांडणी : आमची वाटचाल

नवीन माणूस आमच्या ऑफिसात आला की खुर्चीत टेकायच्या आत त्याची नजर मागच्या अँगलच्या मांडणीवर जाते. बहुतेकजण विचारतात, "हे भंगार इथं कशाला ठेवलंय?" आहे खरं भंगारच. दात उडालेलं एक पिनियन (लहान दातेरी चाक), पोटात हरभऱ्याएवढं भोक असलेला बेअरिंग ब्लॉक, बांगडी सुटलेला रोल, वेडावाकडा झालेला पत्रा. सगळा आमचाच माल, गिऱ्हाइकानं परत पाठवलेला. 38 वर्षांचा हिशेब सीएकडच्या फायलींत आहे, पण धंदा आम्ही शिकलो तो या मांडणीवरून.

1986 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका गाळ्याचा अर्धा भाग भाड्यानं घेतला आणि एक सेकंडहँड लेथ बसवला. मी आयटीआयचा टर्नर, सहा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात घासलेला. वडील फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे. भांडवल म्हणजे सौभाग्यवतींच्या पाटल्या आणि सोसायटीचं थोडं कर्ज. त्या काळी कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांवर शेतातलं पाणी चालायचं आणि गुऱ्हाळंही चालायची. उद्यमनगरात एका गल्लीत फ्लायव्हील टर्न व्हायचं, दुसरीत पिस्टन, तिसरीत कुणीतरी अख्खं इंजिन जोडायचं. इथल्या यंत्रधंद्याचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून अदबीनं घेतात. आम्ही मात्र ऊस पिळायच्या घाण्याच्या सुट्या भागांपासून सुरुवात केली, कारण इंजिनाच्या कामाला आधीच रांग होती.

तो भोक असलेला बेअरिंग ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यातला. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बाहेरच्या फाउंड्रीतून घ्यायचो, मशीनिंग आमचं. गिऱ्हाईक ब्लॉक घेऊन दारात आला तेव्हा मी सरळ हात झटकले. कास्टिंग आमचं नाही, आम्ही फक्त टर्निंग केलंय. तो काही बोलला नाही, ब्लॉक टेबलावर ठेवून गेला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. रात्री वडिलांना दाखवला. त्यांनी भोकात नख फिरवलं आणि म्हणाले, "वाळू ओली होती." सकाळी मला घेऊन त्या फाउंड्रीत गेले. साच्याची वाळू मुठीत घेतली, दाबली, मूठ उघडली. बोटांचे वळ उमटलेला गोळा हातावर राहिला. तो मधोमध मोडला तर कडा भुसभुशीत न होता स्वच्छ मोडायला हवा, आणि तळहाताला ओल चिकटायला नको. इथं तर हात चिखलाचा झाला होता. असल्या वाळूत लोखंडाचा रस ओतला की पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि ती लोखंडाच्या पोटात घर करून बसते. टर्नरला हे शेवटच्या कटाला कळतं, तोवर मजुरी खर्ची पडलेली असते. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी रोज सकाळी स्वतः फाउंड्रीत जाऊन वाळू मुठीत धरायचो. फाउंड्रीवाला चिडायचा. पुढं 1993 साली शिरोली एमआयडीसीत स्वतःचा छोटा कपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, टाकला, त्याचं खरं कारण हे रोजचं भांडण.

पिनियनची गोष्ट मोठी आहे, आणि मला तीच जास्त आवडते.

जानेवारीचा महिना, गुऱ्हाळाचा ऐन हंगाम. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून निरोप आला की पिनियनचे दात उडालेत, रस उकळायची काहील थंड पडलीय. नवीन पिनियन पोत्यात घालून एसटीनं गेलो, बसवून दिलं आणि परतीची गाडी चुकली. रात्र गुऱ्हाळावरच काढली. चिपाडाच्या ढिगावर पडून पाहत होतो. मनात एकच, हे लोक घाण्यात ऊस कोंबतात म्हणून दात जातात, आमचा दोष नाही.

पहाटे तीनच्या सुमाराला उलगडा झाला. घाणा लावणारं पोरगं अर्धवट झोपेत होतं, तीन-चार उसांच्या जागी आठ-दहा उसांची मोळी पुढं सारत होतं. गूळ करणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, चुलवणापाशी बसून ओरडत होता, कारण चुलीवरची काहील उतरायला आली होती आणि पुढची भरायला रस पुरत नव्हता. घाण्याला ऊस कोण घालतंय यापेक्षा काहिलीला घाई कधी होते हे महत्त्वाचं होतं. मी पिनियन घाण्यासाठी बनवलं होतं. घाणा काहिलीच्या तालावर चालतो हे मला ठाऊकच नव्हतं.

घरी आल्यावर दात मोठे केले नाहीत. दात मोठे केले असते तर रोल किंवा शाफ्ट मोडला असता. पिनियन आणि शाफ्टच्या मध्ये मऊ लोखंडाची एक बारीक पिन टाकली. ताण वाढला की पिन कातरते, बाकी सगळं शाबूत. पिन त्या वेळी दोन रुपयांना पडायची, बदलायला पाच मिनिटं. प्रत्येक घाण्याबरोबर दहा पिना पिशवीत देऊ लागलो. आमच्या धंद्यातला हा पहिला शोध म्हणायचा. पुस्तकात तो कधीपासूनचा आहे हे मला नंतर कळलं, पण आम्ही तो चिपाडावर झोपून शोधला.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट दिसली होती. पोराच्या आधी जो गडी घाणा लावत होता त्याच्या उजव्या हाताला अडीच बोटं होती. मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. मी परत येऊन घाण्याच्या तोंडावर बसणारा पत्र्याचा गार्ड केला, चार बोल्टांचा, चांगला मजबूत. फुकट दिला सगळ्यांना. पुढच्या हंगामात फिरून आलो तर एकाही घाण्यावर गार्ड नव्हता. एका ठिकाणी आमचा पत्रा गोठ्यात कडब्यावर वजन म्हणून ठेवलेला. मालकीणबाई म्हणाल्या, "दादा, चिपाड अडकलं की ह्यो काढाय लागतोय. रातच्याला पाना कुठं हुडकत बसू?"

मांडणीवरचा तो वाकडा पत्रा तिथूनच आणलाय. दुसरा गार्ड बिजागरीचा केला, खिळीवर उघडणारा. खिळी हरवली. तिसऱ्या वेळी खिळी साखळीनं बांधली आणि झाकणाला एक दांडा जोडला. झाकण वर उचललं की दांडा पट्टा लूज पुलीवर (नुसत्याच फिरणाऱ्या मोकळ्या चाकावर) सरकवतो, इंजिन चालू राहतं आणि रोल थांबतात. पाना लागत नाही, इंजिन बंद करावं लागत नाही. हा गार्ड मात्र टिकला. त्याला पाच वर्षं गेली आणि पेटंट वगैरे काही घेतलं नाही. पुढं बाजारात त्याच्या नकला निघाल्या तेव्हा वाईट वाटलं. मग वाटलं, बोटं तर वाचतायत.

1997 ते 2008 हा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि कमावण्यासारखं जास्त होतं. एका मोठ्या वाहन उद्योगाला ब्रॅकेट आणि हाउसिंग देत होतो. दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी कटिंगची यंत्रं, आल्या, माणसं 11 वरून 46 झाली, एकूण उलाढालीतली 80 टक्के त्या एका गिऱ्हाइकाची. 2008 च्या दिवाळीनंतर एके दिवशी शेड्यूलचा कागद आला, त्यात सगळीकडे शून्य. चार महिने शून्य. सीएनसीचे हप्ते मात्र शून्य होत नाहीत. त्या चार महिन्यांत जुन्या घाण्याच्या सुट्या भागांवर पगार निघाले. मधल्या वर्षांत मी त्या कामाला "गावठी काम" म्हणायला लागलो होतो, हे लिहायलाही आज लाज वाटते. त्यानंतर कुठल्याही एका गिऱ्हाइकाचं काम उलाढालीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त होऊ दिलेलं नाही. दोनदा चांगल्या ऑर्डरी सोडल्या.

आता बुडालेल्या यंत्राबद्दल. ते मांडणीवर मावत नाही, म्हणून त्याचा फक्त थर्मामीटर ठेवलाय.

2010 च्या आसपास गुळाच्या 30 किलोच्या रव्याऐवजी, म्हणजे मोठ्या ढेपेऐवजी, एक किलोच्या, अर्ध्या किलोच्या ढेपा मागायला लोकांनी सुरुवात केली होती. मी ठरवलं, पाक आपोआप उतरवणारं आणि गुळाचे चौकोनी तुकडे पाडणारं यंत्र करायचं. पाक 118 अंशांना आला की झडप उघडणार, रस साच्यात, साचे पट्ट्यावर, पट्टा पंख्याखाली. दीड वर्ष आणि साडेअकरा लाख रुपये घातले. आमच्या शेडमध्ये ते सुंदर चाललं. गुऱ्हाळावर पहिल्या काहिलीला चाललं, दुसरीला तुकडे साच्यातून निघेनात, तिसरीला नुसता चिकट लगदा. को 86032 जातीचा ऊस वेगळा, को 92005 चा वेगळा. खारवट रानातला असला तर गूळ घट्टच होत नाही, 118 अंश असोत की 120. गुळव्या पाण्यात थेंब सोडून बोटांत गोळी वळत होता आणि आमच्या झडपेकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "मालक, ऊस कुठल्या रानातला हाय ते ह्या यंत्राला ठावं हाय व्हय?"

मी गुळव्याला काढायला निघालो होतो. त्याला विचारायला एकदाही गेलो नव्हतो. घाण्याच्या वेळी चिपाडावर झोपलेला माणूस पंचवीस वर्षांत एसी केबिनमध्ये बसून यंत्र काढायला लागला होता. यंत्र किलोवर विकलं. पण त्यातले फूडग्रेड स्टीलचे साचे एका गुऱ्हाळवाल्यानं मागून घेतले, त्याच्या शेजाऱ्यानं आणखी मागितले, आणि आज साचे हा आमचा नियमित माल आहे. पाक कधी उतरवायचा ते गुळव्या ठरवतो.

बांगडी सुटलेला रोल रसवंतीचा आहे. रसवंतीवाल्यांना स्टेनलेसचे रोल हवे असतात, गिऱ्हाइकाला गंज दिसायला नको. पूर्ण स्टेनलेसचा रोल महाग पडतो, म्हणून बिडाच्या रोलवर स्टेनलेसची बांगडी बसवून वेल्ड मारायचो. उन्हाळाभर चालल्यावर वेल्ड तुटायचं आणि बांगडी रोलवर फिरायला लागायची. रस निघेना. तीन उन्हाळे हाच माल परत येत होता. वेल्डिंगच्या कांड्या बदलल्या, वेल्डर बदलला. एकदा आमचे जुने फिटर, आता वारले, चहा पिताना म्हणाले, "आमच्या आज्ज्याला बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना वेल्डिंग ठाऊक होतं का?"

धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. शेणी रचून ती लालबुंद तापवतात, फुगलेली असतानाच चाकावर बसवतात आणि वर पाणी ओततात. आवळून बसते ती चाक मोडेपर्यंत सुटत नाही. आम्ही बांगडीचं भोक 100 मायक्रॉन कमी ठेवलं, तेलात तापवली आणि रोलवर सोडली. सर्रकन खाली उतरली. गार झाल्यावर टणक आवाज आला. गेल्या नऊ वर्षांत बांगडी सुटलेला एकही रोल परत आलेला नाही, आणि वेल्डरची मजुरी वाचली ती वेगळीच.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, आम्ही शेडमध्ये बसून पाऊस मोजत होतो. पाणी उतरल्यावर चिखली, आंबेवाडीकडचे घाणे ट्रॉलीतून आले, एकूण 24. सगळे गाळानं लिंपलेले. उघडले तेव्हा एक गंमत दिसली. बॉल बेअरिंगचे नवीन घाणे पार खलास, गाळ आत शिरून गोळ्या जाम. जुने गनमेटलच्या बुशांचे (गोळ्या नसलेल्या, साध्या नळीसारख्या बेअरिंगचे) घाणे मात्र धुऊन, ग्रीस भरून दुसऱ्या दिवशी फिरायला लागले. बॉल बेअरिंग हलकं चालतं म्हणून आम्हीच लोकांना ते घ्यायला लावलं होतं. आता नदीकाठच्या गिऱ्हाइकाला बुशाचाच घाणा सुचवतो, माळरानावरच्याला बेअरिंगचा. त्या दुरुस्तीचे आम्ही फक्त मालाचे पैसे घेतले. दिवाळी पाडव्याला त्यातले बरेचजण गूळ घेऊन आले होते.

उधारीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा कायदा 2006 पासून आहे. कायदा आमच्या बाजूचा आहे, पण तक्रार करायची तर त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध, ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवीय. त्यात जीएसटी आमचा आम्ही भरायचा, पैसे हातात आलेले असोत नसोत. शेतकरी गिऱ्हाईक मात्र गूळ विकला की येऊन पैसे मोजतो. उशीर होतो, पण तो तोंड लपवत नाही. बुडीत खात्यातली आमची सगळ्यात मोठी रक्कम लेटरहेडवाल्यांची आहे.

आता शेड मुलगी बघते. मेकॅनिकल शिकलीय. तिनं विजेवरची इंडक्शन फर्नेस आणली, कपोला गेला, धातूतले घटक तपासणारा स्पेक्ट्रोमीटर आला. वाळूची ओल मोजायला मीटर आहे. तरी पावसाळ्यात ती मीटर वाचून झाल्यावर एक मूठ दाबून बघते, हे मी लांबून पाहिलंय. आमचं भांडण एकच. तिला ही मांडणी ऑफिसातून हलवून शेडच्या आत, मोल्डरांच्या समोर लावायचीय. म्हणते, "बाबा, तुम्ही शिकलात, आता त्यांना बघू द्या की."

परवा कर्नाटकातून एक पार्सल आलंय. आत साचा आहे, कोपरा चिरलेला, असं फोनवर कळलं. मुलीनं त्यावर खडूनं लिहिलंय, "सोमवारी उघडू." आज शनिवार आहे. कटर माझ्या खिशात आहे.