केसांचा निळा रंग उतरवतेय, आठवडा सहावा

आज केस धुताना फेस पहिल्यांदा पांढरा आला. दोनदा तळहातावर घेऊन बघितला, खरंच पांढरा! सहा आठवड्यांपूर्वी हाच फेस निळीच्या पाण्यासारखा होता आणि मोरीतल्या पांढऱ्या टाइल्सच्या फटी अजून फिकट निळ्या आहेत, आईला त्या दिसल्या की ती काही बोलत नाही पण ब्रश माझ्या हातात देते.

नवीन असाल तर थोडक्यात सांगते. खालचे सहाएक इंच केस ब्लीच केलेले, त्यावर मे महिन्यात सेमी-परमनंट, म्हणजे धुऊन धुऊन जाणारा, गडद निळा लावला. ट्यूबवर लिहिलेलं आठ-दहा धुण्यांत जाईल, माझे वीस वेळा धुऊन झाले तरी हलेना, उलट टोकांकडून शेवाळी व्हायला लागला. ते होणारच होतं म्हणा, ब्लीच केलेला केस खाली पिवळा असतो, वरचा निळा पातळ झाला की दोन्ही मिळून हिरवा दिसतो. आणि मला आता कॉपर, म्हणजे तांबूस रंग करायचाय, हिरव्यावर कॉपर टाकला तर मातकट तपकिरी येतो. स्टेशनजवळच्या एका पार्लरमध्ये विचारलं तर साडेचार हजार, तेही पुन्हा ब्लीच मारून. नको म्हटलं, ही टोकं दुसरं ब्लीच सोसणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात खायचा सोडा शाम्पूत मिसळून लावला. निळा उतरला थोडा, पण केस असे झाले की फणी अर्ध्यावर अडकायची, हाताला काथ्या लागावा तसं. सोडा अल्कलाइन, त्याने केसावरचे खवले उघडतात, रंग निघतो पण केसही खरखरीत होतो. एकदाच केलं, पुन्हा नाही करणार, तुम्हीही करू नका.

दुसऱ्या आठवड्यापासून व्हिटॅमिन सी. मेडिकलमधल्या साध्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या. त्या नारंगी चघळायच्या गोळ्यांत साखर असते, केस चिकट होतात, म्हणून साध्या मागा. दहा गोळ्या खलबत्त्यात अगदी पिठीसाखरेसारख्या बारीक करायच्या (जाड राहिल्या तर डोक्यात खडे लागतात), चमचाभर गरम पाण्यात विरघळवायच्या आणि कोंड्याच्या शाम्पूत मिसळून लगेच लावायच्या, कारण पाण्यात पडलं की ते हळूहळू निकामी व्हायला लागतं, काल भिजवून ठेवलेलं आज उपयोगाचं नाही. केस ओले करून फक्त रंगलेल्या भागाला, टाळूला नाही, वर प्लास्टिकची पिशवी, 40 मिनिटं. खाजवल्यामुळे कुठे कातडी सोललेली असेल तर तिथे खूप चुरचुरतं, सांभाळा.

लिंबाबद्दल बऱ्याच जणी विचारतात म्हणून सांगते. लिंबाच्या 100 मिली रसात व्हिटॅमिन सी जेमतेम 50 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका गोळीइतकं हवं तर लिटरभर रस पिळावा लागेल! बाकी आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा, ते निळा काढत नाही, आणि रस लावून उन्हात बसलं तर केस कोरडे पडतात ते वेगळंच.

पिशवी काढल्यावर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धुणं. काही रंगांचे कण हवेने पुन्हा रंगात येतात, म्हणून मी दहा मिनिटं नुसतं कोमट पाणी सोडते, मगच कंडिशनर. तिसऱ्या आठवड्यात महापालिकेचं पाणी दोन दिवस आलं नाही, टँकरच्या पाण्याने धुतले, केस इतके जड झाले की वाटलं रंग परत बसला. पुन्हा नळाचं पाणी आल्यावर एकदा धुतले आणि ठीक झाले, रंग परत बसला नव्हता.

मध्ये दोन रात्री खोबरेल. आई लहानपणापासून सांगते तेच, पण 2003 मध्ये मुंबईतल्याच रेले आणि मोहिले या संशोधकांच्या शोधनिबंधात हे मोजलेलं आहे, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रोटीन कमी करतं, खनिज तेल आणि सूर्यफूल तेलात ते तसं दिसलं नाही. सोड्यानंतरची काथ्यासारखी टोकं यानेच वळणावर आली असं मला वाटतं. आणि तेल धुताना रंगही थोडा निघतो, उशीला जुना टॉवेल मात्र लागतोच.

आता एक गोष्ट मनापासून. आधी आपल्या केसात काय आहे ते ओळखा. परमनंट डायचे कण केसात शिरून आत मोठे होतात, तिथे व्हिटॅमिन सी पहिल्या काही दिवसांतच नीट चालतं, नंतर थोडंसंच. मेंदी केराटिनला, म्हणजे केसातल्या प्रोटीनला धरून बसते, ती अशी उतरत नाही. आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीवर काही करायच्या आधी घटक वाचा, कधी त्यात पीपीडी (परमनंट डायमधलं रसायन) असतं, कधी धातूचे क्षार, आणि क्षार असलेल्या केसांवर ब्लीच पडलं तर केस तापतात, तुटतात. मी रोज सकाळी फणीत आलेले केस कागदात गुंडाळून ठेवते, प्रत्येक नवीन मिश्रण आधी त्यांच्यावर. कागदावर नंबर, तारीख आणि किती मिनिटं ठेवलं ते लिहिते.

फोटो रोज त्याच जागी, गॅलरीच्या कठड्याशी, सकाळी साडेआठला, कारण पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली सगळेच केस हिरवे दिसतात. आज फिकट, पिवळसर राखाडी, फक्त उजव्या कानामागे दोन बटा अजून शेवाळी. आत्तापर्यंत खर्च 340 रुपये, शाम्पूच्या पुड्यांसकट.

रविवारी त्या दोन बटांवर शेवटचं व्हिटॅमिन सी. मग कागद नंबर सातमधल्या केसांवर कॉपर, थोडा लाल घालून, कारण हिरव्याला लालच मारतो.